नव्या लिपिकाचं टेबल: रुजू होण्यापासून बदलीपर्यंत

टेबल ताब्यात आलं की आधी त्यावर फडकं मारायचा मोह होतो. तो आवरा. तहसील कचेरी असो, जिल्हा परिषद असो की एखादं उपविभागीय कार्यालय, आधीच्या माणसाने जे जिथे ठेवलंय ते दोन दिवस तिथेच राहू द्या. कोपऱ्यात पडलेला, चहाचा डाग लागलेला अर्ज म्हणजे कचरा वाटेल, पण तो कुणाच्या तरी वारस नोंदीचा एकमेव मूळ अर्ज असू शकतो. टेबल आवरणं ही दुसरी पायरी. पहिली पायरी चार्ज घेण्याची, म्हणजे टेबलाचा कागदोपत्री ताबा घेण्याची.

हा लेख मुख्यतः महसूल सहायक, कनिष्ठ सहायक किंवा लिपिक-टंकलेखक म्हणून नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. स्पर्धा परीक्षेत राज्यघटना पाठ झालेली असते, पण कागदाला भोक कुठे पाडायचं हे कुणी शिकवत नाही. खाजगी कंपनीत काम करणाऱ्यांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल, बाकीचं त्यांनी करमणूक म्हणून वाचावं.

चार्ज आधी, फडकं नंतर

चार्ज यादी बहुतेक वेळा तयारच मिळते आणि "करा सही, सगळं बरोबर आहे" असं प्रेमाने सांगितलं जातं. सही करण्याआधी प्रत्येक कप्पा उघडा. शक्यतो आधीचा माणूस समोर असताना, तो बदलून गेला असेल तर अव्वल कारकून किंवा शाखेच्या वरिष्ठांसमोर. यादीत काय काय हवं? चालू संचिका, नोंदवह्या, शिक्के, किल्ल्या, संगणक आणि त्याचं सामान, आणि टेबल-खुर्ची-कपाट ज्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेलं असतं तिथला क्रमांक. यादीत नाव आहे पण संचिका दिसत नाही, तर त्या नावापुढे तसं लिहा. संचिका आहे पण यादीत नाही, तर तीही लिहा. सुट्या कागदांचा गठ्ठा सापडला तर "सुटे कागद, एक गठ्ठा, अंदाजे एवढी पानं" अशी नोंद करा. कुणी तोंड वाकडं करेल. करू द्या. सही झाल्यावर त्या टेबलातली प्रत्येक गोष्ट तुमची, हरवलेलीसुद्धा.

एखादा कप्पा कुलूपबंद असतो आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तो तसाच चार्जमध्ये घेऊ नका. वरिष्ठांना सांगून, दोन जणांसमोर उघडून घ्या. आत बहुधा वाळलेली शाई, जुनी कॅलेंडरं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका निघतात. पण एखाद्या वेळी मूळ सेवापुस्तकही निघतं.

सगळं खाली उतरवा

यासाठी अर्धा दिवस काढा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, कारण त्या दिवशी गावागावातून माणसं बाजारासोबत कचेरीचंही काम उरकायला येतात आणि तुम्ही जमिनीवर कागद पसरून बसलेले असता. नाकाला रुमाल बांधा. जुन्या संचिकांची धूळ छातीत बसते, आठवडाभर खोकला जात नाही.

जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरा आणि सहा जागा करा. महसूल खात्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला प्रशिक्षणात सांगतीलच, पण फळ्यावर ती जितकी कंटाळवाणी दिसते तितकी प्रत्यक्षात नाही. हातात आलेला प्रत्येक कागद या सहांपैकी कुठेतरी जातो.

ज्यावर तुम्हाला आज-उद्या काहीतरी करायचंय ती प्रलंबित प्रकरणं. ज्यावर तुमचं काम झालंय पण दुसऱ्या कुणाचा अहवाल, खुलासा किंवा मंजुरी यायची आहे ती प्रतीक्षाधीन. ठरलेल्या तारखेला वर पाठवायची विवरणपत्रं म्हणजे नियतकालिकं. शासन निर्णय, परिपत्रकं, कायमच्या सूचना यांची स्थायी आदेश संचिका. काम संपलेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं. आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे कागद.

यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा सर्वात फसवा. तो शांत असतो. "आम्ही लिहिलंय, अजून आलं नाही" या वाक्याच्या आड प्रकरणं वर्षानुवर्षं झोपतात. म्हणून या गठ्ठ्यातल्या प्रत्येक संचिकेच्या वर एक चिठ्ठी लावा: कुणाकडून काय यायचंय, पत्र कधी गेलं, पुढचं स्मरणपत्र कोणत्या तारखेला. संचिका तारखेच्या क्रमाने लावा, सर्वात जवळची तारीख वर. सोमवारी सकाळी वरची दोन-चार उचलली की तो गठ्ठा हलता राहतो. मंडळ अधिकाऱ्याकडून चौकशी अहवाल यायचा असेल तर स्मरणपत्रासोबत एक फोनही करा, बऱ्याचदा पत्र पोहोचलेलंच नसतं.

स्थायी आदेश संचिकेकडे नवे लोक दुर्लक्ष करतात, कारण शासन निर्णय तर संकेतस्थळावर मिळतोच. मिळतो, पण तुमच्या विषयाचे नेमके कोणते लागू आहेत, कोणत्याने कोणता रद्द झाला, हे तिथे एका जागी मिळत नाही. संजय गांधी निराधार योजनेचं टेबल असेल तर त्या योजनेचे सगळे निर्णय तारखेवार लावा, पुढे अनुक्रमणिका ठेवा, आणि रद्द झालेल्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारून "अमुक तारखेच्या निर्णयाने अधिक्रमित" असं लिहा. ही एक संचिका नीट असली की शंका विचारायला दहा टेबलं फिरावी लागत नाहीत. थोड्या महिन्यांनी उलट दहा जण तुमच्याकडे येतात.

प्रत्येक टेबलावर एक सातवा गठ्ठाही असतो, जो कोणत्याच नियमावलीत नाही. "बघू नंतर" असा. वरवर पाहता तो निरुपद्रवी दिसतो, चार-पाच पाकिटं, एक-दोन निनावी तक्रारी, कुणीतरी हातात देऊन गेलेला अर्ज. तो मोडून टाका. हातात दिलेला अर्ज आवक शाखेत पाठवून क्रमांक घ्या, कारण क्रमांक नसलेला अर्ज कचेरीच्या नोंदीत आलेलाच नसतो, आणि अर्जदार मात्र शपथेवर सांगत असतो की यांच्याच हातात दिला होता.

बदल्या आणि विलंबासंबंधीच्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार एखाद्या कर्मचाऱ्याकडे संचिका सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. ही मुदत कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे आलेलं टपाल तारखेसह जिथे चढवतात तिथे, दिसते, टेबलावर नाही. म्हणून टपाल हातात आलं की त्याच दिवशी नोंदवहीत चढवा. संध्याकाळी एकदम चढवू म्हटलं की कागद आधी इकडेतिकडे जातो आणि नोंद राहते.

कागदाची निगा

टेबल बाहेरून कितीही चकचकीत असलं तरी संचिका उघडल्यावर पानं गळत असतील तर त्या चकचकीतपणाला अर्थ नाही. इथे थोडं रेंगाळूया.

टाचणी ही कागदाची शत्रू. पहिल्या पावसाळ्यात ती गंजते, दुसऱ्यात कागदाला तपकिरी डाग पडतो, तिसऱ्यात डागाच्या जागी भोक. तात्पुरतं दोन पानं जोडायला टाचणी ठीक, संचिकेत जाताना काढून टाका आणि टॅग लावा. भोक डाव्या वरच्या कोपऱ्यात, कडेपासून अंगठ्याच्या नखाएवढं आत. फार कडेला पाडलं तर पान फाटतं, फार आत पाडलं तर अक्षर जातं. फेरफाराच्या जुन्या उताऱ्यात नेमका गट नंबर त्या भोकात गेलेला असतो, आणि मग तो वाचायला भिंग घेऊन बसावं लागतं.

रबर बँड उन्हाळ्यात वितळतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात कपाटात ठेवलेल्या गठ्ठ्यावरचं रबर कागदाला असं चिकटतं की सोडवताना वरचं पान सोलून निघतं. त्याऐवजी दोन पुठ्ठे आणि नाडी वापरा. फाटलेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडून कडक होते आणि अक्षर घेऊन निघते. जुनं पान फाटायला आलंच असेल तर त्याची झेरॉक्स काढून मागे जोडा आणि मूळ पान पाकिटात ठेवा. लॅमिनेशनचा विचारही नको, ते परत उलगडता येत नाही.

यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या फिकट होतात. वर्षभरात कोरा कागद हातात राहतो आणि लेखापरीक्षक तोच मागतो. अशी पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही सोबत लावा.

पानांना क्रमांक द्या. टिपणी भागाला वेगळे, पत्रव्यवहाराला वेगळे. शाईने, वरच्या उजव्या कोपऱ्यात. कंटाळवाणं काम आहे, रोज आलेल्या पानाला रोज दिलं तर दोन मिनिटं लागतात. माहितीच्या अधिकारात कुणी पूर्ण संचिकेच्या प्रती मागितल्या आणि ३० दिवसांची मुदत चालू झाली की त्या क्रमांकांची किंमत कळते. पान गहाळ आहे की मुळात नव्हतंच, याचं उत्तर त्या क्रमांकाशिवाय देता येत नाही.

वेष्टनावर विषय असा लिहा की तुम्ही नसताना शेजारच्या माणसाला कळावा. "शेवाळे प्रकरण" लिहून काही होत नाही, त्या गावात अर्धी माणसं शेवाळे असतात. गाव, गट क्रमांक, विषय, वर्ष. मोठ्या अक्षरात, कण्यावरही, कारण कपाटात उभ्या लावलेल्या संचिकेचा फक्त कणा दिसतो.

टेबलाचा वरचा भाग

वर काय असावं? ज्या संचिकेवर आत्ता काम चालू आहे ती एक. आज उरकायच्या दोन-चार एका बाजूला. पेन, पेपरवेट, टपालाचा ट्रे. बाकी सगळं कपाटात. पंखा डोक्यावर असेल तर पेपरवेट दोन ठेवा. खिडकीजवळची जागा मिळाली असेल तर नशीब थोर, पण पश्चिमेच्या उन्हात कागद पिवळे पडतात आणि संगणकाचा पडदा दिसत नाही, खिडकीला पडद्याची सोय करून घ्या.

टेबलावर काच असेल तर तिच्याखाली काय काय सरकवायचं याची हौस सगळ्यांना येते. दूरध्वनी यादी, सुट्ट्यांची यादी, मुलीचा फोटो. यादी ठेवा, फोटोला मात्र चौकट करा. पावसाळ्यात काचेखाली ओल साचते, फोटो काचेला चिकटतो आणि काढताना अर्धा चेहरा काचेवर राहतो. महिन्यातून एकदा काच उचलून खाली कोरडं फडकं फिरवा.

चहा. शासकीय कचेरीत चहा टेबलावर येणार, ते कुणी थांबवू शकत नाही. निदान त्याची जागा ठरवा: कागद ज्या हाताला आहेत त्याच्या विरुद्ध बाजूला, कीबोर्डपासून लांब, आणि खाली एक बशी किंवा जुनी फरशी. मूळ सातबाऱ्यावर कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं तुम्हीही कधीतरी पाहाल.

आता समोरच्या बाजूचं. लोक जिथे उभे राहतात किंवा बसतात, ती टेबलाची कडा मोकळी ठेवा. अर्जदाराला सही करायला, चष्मा काढायला, पिशवीतली कागदपत्रं पसरायला एवढीशी जागा लागते, आणि ती नसली की तो तुमच्या संचिकेवरच कागद ठेवून लिहायला लागतो. अंगठ्यासाठी शाईचा पॅड त्या बाजूला, आणि पॅडशेजारी एक ओलसर फडकं. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या बायका अंगठा उठवतात आणि मग ते निळं बोट कुठे पुसायचं म्हणून पदर शोधत राहतात. काहीजणी भिंतीला पुसतात. कोणत्याही कचेरीत अंगठ्याच्या उंचीला भिंतीवर निळा पट्टा दिसला तर समजा, तिथे फडकं नाही.

एक गोष्ट त्याच बाजूची: दुसऱ्यांची कागदपत्रं उताणी ठेवू नका. आधार कार्डाची झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान, घटस्फोटाचा आदेश, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, हे सगळं समोर बसणाऱ्या परक्या माणसाला वाचता येतं. संचिका मिटून ठेवायची सवय लावा, उठताना तर हमखास.

कप्पे, शिक्के, किल्ल्या

वरचा कप्पा रोजच्या सामानाचा, मधला कोऱ्या नमुन्यांचा, खालचा तुमचा स्वतःचा. शिक्का आणि कोऱ्या पावतीपुस्तकाला कुलूप, जेवायला जातानाही. किल्ली पाटीच्या मागे किंवा कुंडीखाली ठेवायची पद्धत आहे आणि ती साऱ्या कचेरीला माहीत असते. दुसरी किल्ली वरिष्ठांकडे नोंद करून द्या. शिक्क्याचं रबर महिन्यातून एकदा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा, नाहीतर "तहसीलदार" मधला "द" भरून जातो आणि बँक ते पत्र परत पाठवते.

संगणकाची आवराआवर

पडद्यावरही टेबलच असतं आणि तेही भरतं. "नवीन", "नवीन १", "फायनल", "फायनल साहेब", अशी नावं पडद्यावर दिसायला लागली की थांबा. शाखेच्या नावाने एक फोल्डर, त्यात वर्ष, त्यात विषय. पत्राच्या फाईलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप क्रमवार लागतात. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती किडामुंगी दिसते.

ई-ऑफिस सुरू झालेल्या कचेरीत कागदाचा ढीग कमी झालाय खरा, पण संचिका पडून राहायची जागा फक्त बदलली. इनबॉक्स रोज संध्याकाळी पाहा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं करा. वाकडं स्कॅन वरच्या साहेबांनी मान तिरकी करून वाचायचं, हे बरं दिसत नाही. डिजिटल सहीचं टोकन संगणकाला लावून ठेवून चहाला जाणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून ठेवणं. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला दिसला तर आजच काढा.

कीबोर्ड उलटा करून हलक्या हाताने थोपटा, मऊ ब्रश फिरवा. यूपीएसच्या मागे आणि सीपीयूच्या जाळीत धूळ साचते, आठवड्याला कोरड्या ब्रशने काढा, यंत्र बंद करून. खाली लोंबणाऱ्या तारा नाडीने एकत्र बांधा, पायात अडकून प्लग निघाला की अर्धवट टाइप केलेलं पत्र जातं. पोस्टिंग खेड्यात असेल तर वीज जाणार हे धरूनच चाला, दर पाच-दहा मिनिटांनी सेव्ह.

आपलेपणा किती आणि कसा

दिवसाचे आठ तास जिथे जातात ती जागा आपली वाटायला हवी. पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर सुरू झाल्यापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली आहे, पाठ तर रोज तक्रार करते. घरून पाठीला उशी आणा, चांगला कप आणा, एखादा फोटो ठेवा. चौकटीतला लहान फोटो तुमच्या बाजूला तोंड करून.

झाड ठेवायचं असेल तर मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट. दोन्हीला ऊन कमी लागतं आणि शनिवार-रविवार कुणी पाणी घातलं नाही तरी चालतं. फक्त मनी प्लांट बाटलीत ठेवलाय किंवा कुंडीखाली बशी आहे, तर ते पाणी आठवड्यातून एकदा नक्की ओतून, भांडं घासून पुन्हा भरा. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. हिवताप विभागाच्या पथकाने शासकीय कचेरीतच अळ्या पकडल्या तर बातमी होते.

भिंत मात्र तुमची नाही. तिथे कोणती छायाचित्रं लावायची हे शासनाने ठरवलेलं असतं. देवाचा लहानसा फोटो कप्प्यात किंवा पाकिटात ठेवणारे पुष्कळ आहेत, त्याला कुणाची हरकत नसते. समोर उभा राहणारा कोणत्याही धर्माचा, पक्षाचा माणूस तुमचं टेबल पाहून दबकू नये, एवढं बघा.

घरची खुर्ची, टेबल फॅन, दिवा आणलात तर वरिष्ठांना सांगून कागदावर नोंद ठेवा आणि खाली आपलं नाव चिकटवा. नाहीतर पडताळणीत ती वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते आणि बदलीच्या वेळी स्वतःचाच पंखा नेताना तुम्हाला अडवतात. पाणी तापवायची कॉइल, शेगडी असलं काही आणू नका. जुन्या इमारतींची वायरिंग त्या लायकीची नसते, आणि भोवती सगळा कागद असतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयात लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, आणि किती संचिका गेल्या याचा हिशोब लागेपर्यंत कितीतरी महिने कचेऱ्या एकमेकींकडून प्रती मागत होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बहुतेक कचेऱ्यांत टेबलं धुतली जातात, संगणकाला झेंडूचा हार चढतो, नोंदवह्यांना हळदकुंकू लागतं. हळदकुंकू वेष्टनावर लावा, आतल्या पानावर नको. हार दुसऱ्या कामाच्या दिवशी काढा. कुजलेला झेंडू कीबोर्डवर पाणी गाळतो आणि मुंग्या बोलावतो.

पावसाळा आणि वाळवी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक काम करा: कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. ओल भिंतीतून येते आणि मागच्या संचिका आधी भिजतात, कळतं मात्र ऑगस्टमध्ये. कोकणात तर कपाटाच्या तळाखाली विटा ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. सर्वात खालच्या फळीवर महत्त्वाचं काही ठेवू नका. छत गळतं की नाही हे पहिल्या मोठ्या पावसात पाहा आणि गळत असेल तर तोंडी सांगून थांबू नका, टिपणी ठेवा.

वाळवी मातीच्या बारीक नळीने येते. भिंतीवर किंवा कपाटाच्या पायावर अशी तपकिरी रेघ दिसली की नुसती पुसून टाकू नका, वरिष्ठांना दाखवा, औषध मारून घ्या. कसर लागलेली संचिका इतरांपासून वेगळी करा, सावलीत पसरून हवा लागू द्या. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कागदाला चिकटून नकोत, कापडी पुरचुंडीत. डब्यातल्या पोळीचे तुकडे कप्प्यात राहिले की उंदीर येतात, आणि ते पोळी संपल्यावर थांबत नाहीत.

रोज संध्याकाळी, आणि शुक्रवारी

सव्वासहाला उठायचं तर सहा वाजता आवरायला लागा. उघड्या संचिका आपापल्या गठ्ठ्यात, नोंदवही अद्ययावत, उद्याचं पहिलं काम एका चिठ्ठीवर, शिक्के आत, कुलूप. टेबल रिकामं झालं की सकाळी शिपाईमामांना पुसता येतं. नाहीतर ते बिचारे कागदांच्या भोवतीने फडकं फिरवतात, कारण तुमचा कागद हलवला तर बोलणी त्यांनाच बसणार. मामांशी बोलून ठेवा काय हलवायचं, काय नाही. कचेरीतला कोणता कागद कुठे असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शुक्रवारी अर्धा तास जास्त. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यावर नजर, पुढच्या आठवड्यातली नियतकालिकं, साप्ताहिक गोषवारा. पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये झिरो पेंडन्सी आणि डेली डिस्पोजलची मोहीम चालवली, तिचा गाभा हाच होता: आधी जुनं दप्तर लावून घ्या, मग आलेलं रोजच्या रोज काढा. नुसता दुसरा भाग करायला गेलात तर जमत नाही, जुना ढीग रोज मध्ये येतो.

निंदणी

निंदणी म्हणजे दप्तरातून संपलेलं आणि नको असलेलं वेगळं काढणं. संपलेली प्रकरणं टेबलाशी धरून बसू नका. अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते: अ कायम जपायचं, ब तीस वर्षं, क वर्गात प्रकाराप्रमाणे दहा किंवा पाच वर्षं, ड एक वर्ष. कोणता विषय कोणत्या वर्गात हे तुमच्या विभागाच्या अनुसूचीत पाहा, अंदाजाने ठरवू नका. वर्ग वेष्टनावर लिहून, यादीच्या दोन प्रती करून अभिलेखपालांकडे द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. बऱ्याच अभिलेख कक्षांत वर्गानुसार वेगवेगळ्या रंगांच्या रुमालात बस्ते बांधतात. तुमच्याकडचे रंग विचारून घ्या.

१९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची मांडणी आणि अभिलेख नव्याने लावून घेतले, तेव्हापासून लखीना पॅटर्न हा शब्द महसूल खात्यात रुजला. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमातही स्वच्छता आणि अभिलेखांची निंदणी होतीच. अशा मोहिमा आल्या की उत्साहात एक चूक होते: ढीग उचलून थेट रद्दीवाल्याला. नष्ट करायच्या कागदांचीही यादी होते, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि कागद फाडून किंवा यंत्रात घालून द्यावे लागतात. राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ पासून आहे, "कचरा होता म्हणून टाकला" हे त्यात उत्तर नाही. लोकांच्या अर्जांच्या झेरॉक्समध्ये भेळ बांधून मिळालेली तुम्हीही खाल्ली असेल.

रजेवर जाताना, बदली होताना

दोन दिवसांची रजा असली तरी शेजारच्याला चिठ्ठी: कोणतं प्रकरण कुठे, कोण येणार आहे, कोणाला काय सांगायचं. चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसाला "ते रजेवर आहेत, सोमवारी या" एवढंच ऐकून परत जावं लागणं, याला बहुतेक वेळा कारण एकच असतं, संचिका कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणं.

बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये होतात. मार्च संपला की चार्ज यादी करायला घ्या, आदेशाची वाट पाहू नका. आदेश आला की निरोपसमारंभ, नवं घर, मुलांच्या शाळा, यात वेळ जातो आणि यादी दुसऱ्याने केलेली, न वाचता सही केलेली अशी पुढे जाते. खालच्या कप्प्यातलं आपलं सामान आधी घरी न्या. संगणकातले वैयक्तिक फोटो काढा, शाखेचे फोल्डर तसेच ठेवा, पासवर्ड कार्यालयाच्या पद्धतीने बदलून घ्या. स्थायी आदेश संचिका सोबत नेऊ नका, ती टेबलाची आहे, हवी तर झेरॉक्स काढा. नव्या माणसाला प्रतीक्षाधीन गठ्ठा समोर बसून समजावून द्या, त्याला एक तास लागेल. आणि तो सही करण्याआधी कप्पे उघडून पाहायला लागला तर राग मानू नका.